काडतूस नेमकं कुठे अडलं?

पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, पूर्ण मिटायला जेमतेम ३ मिलिमीटर उरले होते. पिस्तूल ९ मिलिमीटरचं, काडतूस मी स्वतः तळघरातल्या प्रेसवर, म्हणजे काडतुसं भरायच्या हातयंत्रावर, भरलेलं. नेमबाजीच्या रेंजवर शेजारच्या लेनमधला माणूस भल्या मनाने सांगत होता, मागून तळहाताचा एक ठोका द्या, बसेल. मी ठोका दिला नाही. भोसरीच्या टूलरूममध्ये उमेदवारी करताना आमच्या फोरमनसाहेबांनी पहिल्याच महिन्यात एक शिस्त लावली होती. शाफ्ट भोकात जात नसेल तर हातोडीला हात लावायचा नाही. ब्लू लावायचा, पुन्हा घालून बघायचं, आणि निळा रंग जिथे पुसला जाईल तिथे अडतंय एवढं समजून घ्यायचं. पुढचं सगळं त्यानंतर.

हाताने भरलेलं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला ते बसतं त्या जागेत, जात नाही तेव्हा बहुतेक जण आधी पिस्तुलाच्या मागे लागतात. स्प्रिंग बदल, रॅम्पला पॉलिश मार, तेल घाल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! माझ्या बाकावर तरी दोष बहुतेक वेळा काडतुसातच सापडला आहे, आणि तोही एखाद-दोन केसांच्या जाडीएवढा. तो शोधायला महागडी साधनं लागत नाहीत. एक व्हर्नियर, एक काळा मार्कर आणि पिस्तुलाची स्वतःची नळी एवढं पुरतं.

आधी कायद्याचं, कारण वाचणाऱ्यांत नव्याने अमेरिकेत आलेले पुष्कळ असतील. मी मिशिगनमध्ये राहतो. इथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, भरून विकायची असतील तर लागतो. राज्याराज्यांचे नियम आणखी वेगळे. पण एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर बंदूकच काय, एक काडतूसही जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याची सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नका. भारतात तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा गुन्हा आहे आणि ९ मिलिमीटर हा सामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअर आहे. म्हणून हे सगळं इथलं, इथल्यापुरतं. आणि कळकळीची एक विनंती: रेंजवर नेलेली बॅग घेऊन मुंबईच्या विमानात बसू नका. खिशाच्या कोपऱ्यात विसरलेल्या एका काडतुसापायी लोकांवर विमानतळावर गुन्हे दाखल झाले आहेत.

आता शब्द स्पष्ट करून घेऊ. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. इथे काडतूस म्हणजे पूर्ण वस्तू. त्यात चार गोष्टी असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडातला ठिणगी देणारा प्रायमर, आतली दारू आणि तोंडात बसवलेली गोळी. यातली पुंगळी तेवढी पुन्हा वापरता येते. उडाल्यावर ती चेंबरच्या मापाने फुगलेली असते. तिला साइझिंग डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, दाबून परत बारीक करायचं, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, तोंड सनईच्या तोंडासारखं किंचित फाकवायचं म्हणजे गोळी न खरवडता आत शिरेल, दारू मोजून घालायची, गोळी ठरावीक खोलीपर्यंत दाबायची आणि शेवटी ते फाकवलेलं तोंड पुन्हा सरळ करायचं. या शेवटच्या कामाला क्रिंप म्हणतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. पुण्याच्या त्या बाजूला वाढलेल्यांना काडतूस हा शब्द काही नवा नाही. पण कारखान्यातून निघणारं काडतूस गेजमधून तपासून येतं. घरी भरणाऱ्याचं गेज तो स्वतःच असतो, आणि हे विसरलं की अडचणी सुरू होतात.

काडतुसाचा प्रवासही एकदा डोळ्यांसमोर आणा. गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येते. येताना तिचा खालचा भाग मॅगझिनमधल्या, म्हणजे मुठीतल्या काडतुसांच्या पेटीतल्या, सगळ्यात वरच्या काडतुसाला मागून ढकलतो. काडतुसाचं नाक नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर, आपटतं, वर वळतं आणि चेंबरमध्ये शिरतं. त्याच वेळी बुडाची कड एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकते. शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये बहुतेक पिस्तुलांत नळीचा मागचा भाग वर उचलला जाऊन स्लाइडमध्ये अडकतो, आणि मगच पिस्तूल उडायला तयार होतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणून चालू असताना काही दिसत नाही. थांबलं की मात्र काडतूस नेमक्या त्या जागी तुमच्यासाठी थांबलेलं असतं. ती जागा बघायच्या आधीच स्लाइड खेचून काडतूस बाहेर काढलं तर पुरावाच हातातून गेला. नळी समोरच्या बाजूलाच ठेवा, बोट चापाबाहेर, आणि दोन सेकंद फक्त बघा.

रेंजवरच आणखी एक गोष्ट करून घ्यायची. त्याच पिस्तुलात, त्याच मॅगझिनमधून, कारखान्याची एक-दोन मॅगझिन काडतुसं उडवा. ती बिनतक्रार चालली तर शोध तुमच्या प्रेसकडे वळला. तीही अडली तर पिस्तूल किंवा मॅगझिन. मॅगझिनवर रंगाने आकडे घाला. माझ्याकडच्या सहापैकी फक्त चौथ्या नंबरचं दगा देतं हे मला असंच कळलं, नाहीतर मी महिनाभर दारूचं माप बदलत बसलो असतो.

आता ते ३ मिलिमीटर. हाताने भरलेल्या काडतुसांची ही सगळ्यात नेहमीची तक्रार आहे आणि यातूनच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं.

पिस्तूल रिकामं करा, दोनदा खात्री करा, सोडवा आणि नळी वेगळी हातात घ्या. चेंबर ब्रशने स्वच्छ करा. शिशाच्या उघड्या किंवा कोटिंग केलेल्या गोळ्या वापरत असाल तर चेंबरच्या पुढच्या कडेवर शिसं आणि मेण यांचा थर साचतो, आणि तोच अडथळा असू शकतो. हे आधी संपवा, म्हणजे पुढचं खरं दिसेल. मग नळी उभी धरून काडतूस वरून चेंबरमध्ये सोडा. चांगलं काडतूस टक् असा स्वच्छ आवाज करून बसतं. अमेरिकन लोक या आवाजावरूनच या चाचणीला प्लंक टेस्ट म्हणतात. बसल्यावर त्याचं बूड नळीच्या मागच्या कडेशी जवळजवळ सपाट यायला हवं, बोटाने फिरवलं तर ते मोकळं फिरायला हवं, आणि नळी उलटी केली की स्वतःच्या वजनाने बाहेर पडायला हवं. तीनही हवं. फिरतं पण पडत नाही, असं चालत नाही.

नापास झालेल्या काडतुसाला काळा मार्कर फासा. गोळीला, पुंगळीला, सगळीकडे. वाळू द्या. पुन्हा चेंबरमध्ये घालून बोटाने हलका दाब देत अर्धा वळसा फिरवा आणि बाहेर काढा. टूलरूममधला ब्लू तो हाच.

रंग गोळीच्या गोलाईवर निघाला असेल, आणि तिथे सारख्या अंतरावर छोटे ओरखडे दिसत असतील, तर गोळी नळीतल्या पिळांवर, म्हणजे आतून कोरलेल्या नागमोडी उंचवट्यांवर, टेकते आहे. काडतूस त्या नळीसाठी लांब झालं. इथे नवशिक्यांचा एक गोंधळ होतो, माझाही झाला. काडतुसं भरण्याच्या मापांच्या पुस्तकात ९ मिलिमीटरच्या काडतुसाची जास्तीत जास्त लांबी २९.६९ मिलिमीटर दिलेली असते. १९२६ साली स्थापन झालेल्या सामी या काडतुसांची मापं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचं ते माप. माणूस व्हर्नियर लावतो, २९.३ येतं, आणि म्हणतो, मापात तर आहे! पण ते माप टोकापर्यंतचं आहे, आणि पीळ टोकाला टेकत नाहीत, खांद्याला टेकतात. गोल नाकाची गोळी लवकर निमुळती होते. चपट्या, कापलेल्या शंकूसारख्या गोळीला खांदे असतात. एकाच लांबीच्या दोन काडतुसांत एक मोकळं बसेल आणि दुसरं पिळांत रुतेल. शिवाय नळ्याही सारख्या नसतात. सीझेड ७५ च्या जातीच्या पिस्तुलांत पीळ चेंबरच्या बरेच जवळ सुरू होतात, म्हणून ती वापरणारे आखूड काडतुसं भरतात. मित्राच्या पिस्तुलात चालणारी लांबी तुमच्या पिस्तुलात चालेलच असं नाही, ते यामुळे.

रंग पुंगळीच्या तोंडाच्या कडेला निघाला आणि तिथे चकचकीत कडं दिसलं, तर फाकवलेलं तोंड पुरतं मिटलेलं नाही. इथे गणित करून बघण्यात मजा आहे. पुंगळीच्या तोंडाशी पितळ साधारण ०.२८ मिलिमीटर जाड. दोन्ही बाजू मिळून ०.५६. गोळीचा व्यास ९.०२. बेरीज ९.५८. तोंडाशी जास्तीत जास्त ९.६५ मिलिमीटर चालतं. म्हणजे सगळं नीट असेल तर हातात ०.०७ मिलिमीटर मोकळीक आहे, एका केसाएवढी. आता शिशाची गोळी घेतली, जी मुद्दाम एक थाऊ, म्हणजे ०.०२५ मिलिमीटर, जाड असते, आणि पुंगळी जाड पितळेच्या बनावटीची निघाली, ०.३० ची, तर बेरीज ९.६४ च्या पुढे जाते. फाकवलेलं तोंड जरासंही राहिलं की संपलं. त्याच डायच्या त्याच सेटिंगवर भरलेल्या शंभरात वीस अडतात आणि ऐंशी चालतात, त्याचं कोडं बऱ्याचदा असं सुटतं: वीस पुंगळ्या वेगळ्या कंपनीच्या होत्या.

यावर उपाय म्हणून क्रिंप डाय आणखी खाली घ्यावासा वाटतो. थोडा घ्या, पण थोडाच. क्रिंपचं काम फाकवलेलं तोंड सरळ करणं एवढंच आहे, गोळी आवळून धरणं नाही. गोळीला धरून ठेवते ती साइझिंगने बारीक केलेली पुंगळी. जास्त आवळलं तर उलटंच होतं. शिसं दबलं की दबलेलंच राहतं, पितळ मात्र थोडं मागे उसळतं, आणि दोघांमध्ये पकड उरत नाही. तांब्याचा पातळ मुलामा असलेल्या गोळीचा तर मुलामाच कापला जातो. खात्री करायची तर एखादं काडतूस हॅमर पुलरने, म्हणजे आपटून गोळी बाहेर काढणाऱ्या हातोडीसारख्या साधनाने, उघडून गोळी बघा. पुसटशी रेघ ठीक, खाच पडलेली असेल तर डाय वर घ्या. आणखी एक कारण आहे. ९ मिलिमीटर आणि .४५ एसीपी ही काडतुसं चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकून थांबतात. तेच तोंड आत वळवून टाकलं तर काडतूस टेकणार कशावर? रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला कड असते, ते कडेवर थांबतं, म्हणून तिथला वळवलेला क्रिंप इथे आणायचा नाही.

रंग तोंडाच्या जरा खाली, एकाच बाजूला निघाला तर गोळी वाकडी बसली आहे. पुंगळीला एका बाजूने पोट आलेलं बोटालाही कळतं. अशा काडतुसाच्या तोंडाशी कधी शिशाची बारीक साल दिसते. तोंड पुरेसं फाकवलं नव्हतं, किंवा डायमधला दाबणारा दांडा गोळीच्या नाकाच्या आकाराचा नाही. गोल नाकाच्या दांड्याने चपटी गोळी दाबली की ती कलते. गोळी बसवणं आणि क्रिंप करणं ही दोन कामं दोन वेगळ्या डायमध्ये केली की हा त्रास बराच कमी होतो. एकाच डायमध्ये दोन्ही करताना गोळी अजून खाली जात असते आणि तोंड तिला आवळायला लागलेलं असतं. शिसं खरवडलं जाणारच.

रंग अगदी बुडाजवळ निघाला तर साइझिंग डाय पुरेसा खाली आलेला नाही. सैल चेंबरच्या पिस्तुलातून उडालेल्या पुंगळ्या बुडाशी जास्त फुगतात, आणि डायच्या कार्बाइड कड्याचं तोंड घसरतं असल्यामुळे शेवटचे एक-दोन मिलिमीटर तसेच राहतात. प्रेसचा दांडा पूर्ण खाली असताना डाय पुंगळी धरणाऱ्या शेलप्लेटला टेकेल असा लावा. रेंजवरून वेचलेल्या पुंगळ्यांत हे फार दिसतं.

आणि रंग कुठेच निघाला नाही, चेंबरमध्ये काडतूस सुरेख बसलं, तरी पिस्तुलात स्लाइड मिटत नाही? मग बूड बघा. प्रायमर बुडाच्या पातळीच्या वर असेल तर काडतूस स्लाइडच्या तोंडावरून वर सरकतानाच घासतं. प्रायमर तीन ते पाच थाऊ खाली हवा. बोट फिरवलं तरी समजतं, स्टीलची पट्टी आडवी धरली तर नक्की समजतं. लष्करी पुंगळ्यांवर वर्तुळात क्रॉस असा नाटोचा शिक्का असतो. त्यांच्या प्रायमरच्या खोबणीची कड दाबून बंद केलेली असते, ती साफ न करता नवा प्रायमर घातला तर तो वाकडा किंवा उंच बसतो. एक गोष्ट मात्र काहीही झालं तरी करू नका: भरलेल्या काडतुसाचा उंच प्रायमर प्रेसमध्ये दाबून खाली बसवायला जाऊ नका. पुढे दारू आहे, त्याच्यापुढे गोळी आहे आणि वर तुमचा चेहरा आहे. ते काडतूस बाजूला.

लांबीचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तिथे धोका आहे. गोळी पिळांवर टेकते म्हणून ती आणखी खोल दाबा, हे ऐकायला सोपं आहे. पण ९ मिलिमीटरची पुंगळी फार छोटी. गोळी अर्धा मिलिमीटर आत गेली की दारूसाठी उरलेली जागा लक्षणीय कमी होते आणि त्याच दारूचा दाब झपाट्याने वाढतो. म्हणून लांबी आधी ठरवायची, दारू नंतर. माझी पद्धत सांगतो. साइझ करून तोंड फाकवलेली एक पुंगळी घ्यायची. प्रायमर नाही, दारू नाही. गोळी मुद्दाम वर ठेवून बसवायची, तोंड सरळ करायचं, चेंबरमध्ये टाकायचं. अडलं की डाय थोडा खाली, पुन्हा टाकायचं. फिरून, पडून पास होईपर्यंत. त्या मापातून आणखी ०.४ मिलिमीटर वजा करायचे, कारण गोळ्या एकसारख्या नसतात आणि डायमध्ये मेण साचत जातं तशी लांबी हलत राहते. मग पुस्तक उघडायचं. त्याच गोळीसाठी दिलेली लांबी तुमच्या लांबीइतकी किंवा कमी असेल तर तिथला सुरुवातीचा, कमीतला कमी दारूचा आकडा घ्यायचा. तुमची लांबी पुस्तकापेक्षा आखूड असेल तर पुस्तकाचा आकडा तुमच्यासाठी नाही. दुसरी गोळी निवडा. गोळी बनवणाऱ्या कंपन्या फोनवर किंवा पत्राने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देतात, त्यांना विचारा.

ते नकली काडतूस फेकू नका. पुंगळीला एका बाजूने छोटं भोक पाडा म्हणजे खऱ्यात मिसळणार नाही, आणि मॅगझिनमधून हाताने स्लाइड सोडून चार-पाच वेळा आत जाऊ द्या. हे करताना खोलीत एकही खरं काडतूस नको. प्रत्येक वेळी लांबी मोजा. कमी झाली तर रॅम्पवर आपटून गोळी मागे सरकते आहे, म्हणजे पकड ढिली आहे. काडतूस बाकाच्या कडेवर नाकाने अंगठ्याने जोरात दाबलं तरी ते हलायला नको. सरकलेली गोळी म्हणजे आखूड काडतूस, आणि आखूड काडतूस म्हणजे वाढलेला दाब. तेच एक काडतूस रोज चेंबरमध्ये घालून रोज काढायची ज्यांना सवय आहे त्यांनीही हे लक्षात घ्यावं.

बाकीच्या जागा लवकर सांगून होतात. नाक रॅम्पवर खाली रुतून थांबलं असेल तर काडतूस फार आखूड आहे, नाहीतर मॅगझिनची स्प्रिंग थकलेली, मॅगझिनचे ओठ वाकलेले, किंवा गोळीचं नाक त्या रॅम्पला न मानवणारं. मॅगझिनच्या आतच अडत असेल तर उलट, काडतूस लांब आहे आणि पुढच्या पत्र्याला घासतं आहे. काडतूस वर आलंच नाही, स्लाइड रिकाम्या चेंबरवर मिटली, किंवा रिकामी पुंगळी धुरांड्यासारखी उभी अडकली, तर स्लाइड पुरेशी मागे गेलेली नाही. दारू कमी, स्प्रिंग जड, किंवा मनगट सैल.

हे कमी दारूचं दुखणं स्पर्धकांत फार आहे, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. यूएसपीएसए या अमेरिकन नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंदातला वेग, भागिले १००० असा पॉवर फॅक्टर काढतात, आणि खालच्या गटासाठी तो किमान १२५ लागतो. १४७ ग्रेनची गोळी सेकंदाला ८५१ फूट गेली की झालं. धक्का कमी बसावा म्हणून जो तो त्या रेषेच्या जेमतेम वर राहायला बघतो. ते ठीक, पण पिस्तुलाची स्प्रिंग कारखान्याच्या पूर्ण ताकदीच्या काडतुसासाठी बसवलेली असते. जुलैत चालणारं काडतूस मिशिगनच्या जानेवारीत, ग्रीस घट्ट झालेल्या स्लाइडवर, कमी पडतं. स्प्रिंग हलकी करा किंवा रेषेपासून थोडे वर या. दोन्ही टाळून फक्त तेल ओतत राहिल्याने काही होत नाही.

वेचलेल्या पुंगळ्यांत .३८० एसीपीच्या मिसळलेल्या असतात. त्या १७ मिलिमीटरच्या, ९ मिलिमीटरच्या १९ च्या. ढिगात डोळ्याला फसवतात आणि प्रेसमधून सहज पुढे जातात, पण त्यात गोळी पकडच घेत नाही. भरायला बसण्याआधी चांगल्या उजेडात बुडावरचे शिक्के वाचून निवड करा. तांदूळ निवडण्याचं काम आहे ते, आणि तितकंच शांतपणे करायचं.

एका बाबतीत मात्र शोधबीध काही नाही, लगेच थांबायचं. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, धक्का जाणवला नाही, आणि पिस्तूल अडलं, तर ते अडणं म्हणजे तुमचं नशीब समजा. दारू नसलेल्या काडतुसात नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन थांबते. पुढचं काडतूस घातलं आणि चाप ओढला तर नळी फुटते. रिकामं करा, नळी काढा, तिच्यातून उजेड दिसतो का बघा. चाप ओढून काहीच झालं नाही तर नळी समोर धरून निदान अर्धा मिनिट थांबा. उशिरा पेट घेणारं काडतूसही असतं.

त्या दिवशी लेनमध्ये मी रेंज ऑफिसरला हात केला. त्याच्यासमोर मॅगझिन काढलं, नळी समोर ठेवून स्लाइड सावकाश पण ठाम मागे ओढली. काडतूस अख्खं बाहेर आलं. पिळांत घट्ट रुतलेली गोळी अशा वेळी नळीतच राहू शकते आणि दारू सगळी पिस्तुलात सांडते, म्हणून काडतूस अख्खं आहे ना हे आम्ही दोघांनी पाहिलं. घरी येऊन मार्कर लावला. गोळीच्या खांद्यावर सहा ओरखडे, घड्याळावरच्या खुणांसारखे सारख्या अंतरावर. कारण तेव्हाच समजलं. गोल नाकाच्या गोळ्या संपल्या म्हणून त्याच वजनाच्या चपट्या नाकाच्या आणल्या होत्या, आणि प्रेस होता तसाच चालवला होता.

तशी २१२ काडतुसं भरून ठेवलेली होती. प्रेसवर परत चढवून प्रत्येक गोळी अर्धा मिलिमीटर खाली दाबली असती तर तासाभरात सगळी चेंबरमध्ये टक् आवाज करत बसली असती. पण त्यांतली दारू गोल नाकाच्या, लांब काडतुसासाठी मोजलेली होती. मी हॅमर पुलर घेतला आणि एकेक काडतूस उघडायला सुरुवात केली. दोन रात्री लागल्या. गोळ्या एका डब्यात, पुंगळ्या दुसऱ्यात, दारू अंगणात जमिनीवर पसरून टाकली, आणि तिसऱ्या रात्री पुस्तकाचं त्या गोळीचं पान उघडून पहिलं नकली काडतूस चेंबरमध्ये सोडलं.